शिडाच्या नौकेवरील ध्वनियंत्रणा : वीज, चुंबक, पाणी आणि कान

शिडाच्या नौकेवर स्टिरिओ आणि स्पीकर बसवण्याचा प्रश्न वरवर पाहता हौसेचा आणि खर्चाचा वाटतो. परंतु नौकाविहाराची नियतकालिके, जोडणीच्या पुस्तिका आणि मापदंड ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमावल्या एकत्र वाचल्या असता असे आढळते, की त्यांतील फार थोडा मजकूर स्वराच्या गुणवत्तेविषयी असून बराचसा बॅटरी, तांब्याची तार, होकायंत्र आणि गळती यांच्याविषयी आहे. हा भर योग्यच म्हणावा लागेल. मोटारगाडीत बसवलेला स्टिरिओ बिघडला तर गाणे थांबते, एवढेच. नौकेवर चुकीच्या रीतीने बसवलेला स्टिरिओ मात्र स्वतः सुस्वर वाजत असतानाच होकायंत्राला चुकीची दिशा दाखवायला लावू शकतो, रात्री दिव्यांसाठी राखलेली वीज संपवू शकतो, किंवा नौकेच्या अंगात वर्षानुवर्षे पाणी झिरपू देऊ शकतो. प्रस्तुत आढाव्यात ३० ते ४० फूट लांबीची, फायबरग्लासची, सहलीसाठी अथवा दूरच्या प्रवासासाठी वापरली जाणारी नौका गृहीत धरली आहे. शर्यतीच्या उघड्या होड्यांवर अशा यंत्रणेला जागाच नसते आणि धनिकांच्या प्रचंड यॉटवर स्वतंत्र जनित्रे असल्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मधल्या आकाराच्या नौकेपुरते बोलायचे, तर यंत्रणेचे मूल्यमापन तिच्या स्वरावरून करण्यापेक्षा तिने नौकेच्या इतर यंत्रणांकडून काय हिरावून घेतले यावरून करणे अधिक सयुक्तिक आहे.

विजेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. इंजिनावर चालणाऱ्या बोटीत इंजिन फिरत असेपर्यंत आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज निर्माण करणारे यंत्र, बॅटरी भरत राहतो. शिडाची नौका ज्या वेळी आपले खरे काम करत असते, नेमके त्याच वेळी तिचे इंजिन बंद असते आणि विजेची आवक सौरपट्ट्यांपुरती उरते. अशा नौकेवर इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि घरगुती वापराची वेगळी ठेवण्याची प्रथा आहे आणि स्टिरिओ दुसरीवरच जोडला पाहिजे, याविषयी कोठेही मतभेद नाही. ही घरगुती बॅटरी १२ व्होल्टची व २०० अँपिअर-तास क्षमतेची, शिसे-आम्ल प्रकारची असली, तर दीर्घायुष्यासाठी तिच्यातून निम्म्यापेक्षा अधिक वीज काढू नये असा संकेत आहे. म्हणजे हाताशी १०० अँपिअर-तास उरतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हे प्रमाण ८० टक्के किंवा त्याहून अधिक असते. उष्ण हवेत निम्मा वेळ चालणारा फ्रिज, त्याचा कॉम्प्रेसर चालू असताना ४ ते ५ अँपिअर घेत असल्याने, दिवसाकाठी एकटाच पन्नासेक अँपिअर-तास खातो आणि स्वयंचलित सुकाणू, दिवे व दिशादर्शक उपकरणे उरलेल्यात वाटेकरी होतात. या हिशेबात मध्यम आवाजात दीड अँपिअर घेणारा साधा स्टिरिओ चार तास वाजला तर सहा अँपिअर-तास लागतात आणि ते सहज खपून जातात; पण त्याच्या जोडीला वेगळा शक्तिवर्धक आणि कमी कंप्रतेच्या स्वरांसाठी मोठा सबवूफर बसवून सरासरी १० अँपिअर ओढले, तर त्याच चार तासांना ४० अँपिअर-तास खर्ची पडतात आणि गाणे व फ्रिज यांच्यात निवड करण्याची पाळी येते.

स्टिरिओच्या खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यांनी या विषयात पुष्कळ गोंधळ माजवला आहे. ‘४ गुणिले ५० वॉट’ हा दावा सर्वत्र दिसतो. परंतु १२ व्होल्टवर चालणारा आणि आत व्होल्ट वाढवण्याची सोय नसलेला वर्धक ४ ओहम रोधाच्या स्पीकरला स्वर न फाटता सुमारे १८ वॉटच देऊ शकतो, हे साध्या गणिताने सिद्ध होते. इंजिन चालू असताना मिळणारा १४.४ व्होल्टचा पुरवठा धरला आणि स्वराची लहर इतकी ताणली की ती चौकोनी होऊन कर्कश व्हावी, तरच ५० चा आकडा गाठता येतो. सुदैवाने एवढ्या शक्तीची गरजही नसते. एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर नौकेच्या लहानशा केबिनमध्ये एक-दोन वॉटवर भरपूर ऐकू येतो; आणि शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढत असल्यामुळे, ३ डेसिबल अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडणे हे दुप्पट ताकदीचा वर्धक घेण्याइतकेच फलदायी असून त्यात विजेचा थेंबही वाढत नाही. डी वर्गाचे वर्धक, ज्यांत अर्धसंवाहक सतत उघडझाप करतात आणि उष्णतेत फार थोडी वीज वाया जाते, ते ८५ ते ९० टक्के कार्यक्षमता गाठतात. जुन्या एबी वर्गाच्या वर्धकांत साधारण निम्मी वीज तापण्यात जाते. नौकेसाठी डी वर्गाची निवड आज जवळजवळ निर्विवाद आहे, मात्र त्याचा एक दोष पुढे बिनतारी संदेशाच्या संदर्भात येईल.

तारांची जोडणी हा यापुढचा भाग होय आणि बहुतेक चुका येथेच घडतात, कारण बसवणारा कारागीर बहुधा मोटारगाड्यांच्या कामात तयार झालेला असतो. गाडीत ऋण बाजूचा प्रवाह लोखंडी सांगाड्यातून परत जातो, त्यामुळे तेथे एकच तार पुरते. नौकेवर मात्र प्रत्येक उपकरणाला जाणारी आणि येणारी अशा दोन तारा बॅटरीच्या फलकापर्यंत न्याव्या लागतात, कारण प्रवाह इंजिन, पंख्याचा दांडा किंवा पाण्याखालील पितळी झडपा यांतून वाट काढू लागला, तर खाऱ्या पाण्यात तो धातू झपाट्याने झिजतो. भटक्या प्रवाहाने होणारी ही झीज वेगवेगळ्या धातूंच्या संपर्काने होणाऱ्या नेहमीच्या गंजापेक्षा कितीतरी वेगवान असते. दुसरा धोका रंगांचा आहे. मोटारीच्या स्टिरिओत पिवळी तार ही स्मृतीसाठी कायम जोडलेली धन तार असते, तर लाल तार चावीच्या बटनावरून येते. उलट अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मापदंडानुसार नौकेवरील एकदिश प्रवाहाची ऋण तार पिवळी असावी, अशी शिफारस आहे. गाडीच्या सवयीने पिवळ्याला पिवळी जोडणाऱ्याने एकाच कृतीत धन आणि ऋण एकत्र आणलेले असतात. अशा प्रसंगी आगीपासून वाचवणारी एकच वस्तू म्हणजे फ्यूज. आणि तो उपकरणाजवळ नव्हे, तर विजेच्या उगमाजवळ, त्याच मापदंडाप्रमाणे सर्वसाधारणपणे ७ इंचांच्या आत असावा लागतो, कारण त्याला संरक्षण द्यायचे असते ते तारेला. पिवळ्या स्मृतितारेतून अहोरात्र वाहणारा १० मिलिअँपिअरचा प्रवाह नगण्य दिसला, तरी बंदरात महिनाभर उभ्या असलेल्या नौकेवर तो सात अँपिअर-तासांपर्यंत जातो. म्हणून तिलाही स्वतंत्र बटन देण्याचा सल्ला रास्त आहे, भले दर वेळी घड्याळ पुन्हा लावावे लागो.

तारेची जाडी मात्र अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नव्हे. फलकापासून सहा मीटरवर असलेल्या आणि १० अँपिअर घेणाऱ्या वर्धकासाठी जाण्यायेण्याची मिळून १२ मीटर तार लागते. ती अडीच चौरस मिलिमीटर छेदाची असेल तर वाटेतच ०.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास सात टक्के, हरवतात, तर सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत हा ऱ्हास तीन टक्क्यांच्या आत राहतो. मापदंडाने करमणुकीसारख्या बिनमहत्त्वाच्या मंडलांना १० टक्क्यांची सवलत दिली असली, तरी बॅटरी उतरल्यावर सात टक्क्यांचा ऱ्हासही जाणवतो. खाऱ्या हवेत उघडे तांबे काळे पडून रोध वाढतो, म्हणून प्रत्येक बारीक तंतूला कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी, जोड दाबून पक्के करावेत आणि डाख दिलाच तरी केवळ त्याच्याच भरवशावर तार धरून ठेवू नये.

आता या विषयातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित अंगाकडे वळता येईल. प्रत्येक स्पीकरच्या पाठीशी एक शक्तिमान कायम चुंबक असतो, आणि त्याच नौकेवर पृथ्वीच्या अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्राच्या आधारे दिशा दाखवणारे होकायंत्र असते. नौकेवरील लोखंड, चुंबक आणि विद्युतप्रवाह यांमुळे होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तरेपासून जितकी ढळते, त्या कोनाला विचलन म्हणतात. लोखंडी जहाजांच्या काळात हा प्रश्न इतका बिकट झाला होता, की ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग करून चुंबकांच्या साहाय्याने विचलन निवारण्याची रीत बसवली. मुंबईच्या इतिहासातही याच स्वरूपाचे एक उदाहरण आहे : कुलाब्याच्या वेधशाळेत १९व्या शतकाच्या मध्यापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या, परंतु शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलवण्यात आले आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. वेधशाळेला खाडीपलीकडे जाता आले. तीस फुटांच्या नौकेवरील होकायंत्राला स्पीकरपासून दूर जाण्यास फारशी जागा नसते.

तरीही अंतर हाच येथे मुख्य उपाय आहे, कारण लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते : अंतर दुप्पट केले की प्रभाव एक-अष्टमांश उरतो. म्हणून कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूधारी बसतो त्या उघड्या खोलगट जागेच्या, पुढच्या भिंतीवर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना स्पीकर बसवण्याची जी रचना दिसायला सममित आणि आकर्षक वाटते, ती सर्वांत वाईट होय. ज्यांच्या चुंबकामागे विरुद्ध दिशेचा दुसरा चुंबक आणि लोखंडी वाटी बसवलेली असते, असे ‘कवचित’ स्पीकर त्रास कमी करतात, नाहीसा करत नाहीत. चुंबकाइतकीच तारही अपराधी असू शकते. १० अँपिअर एकदिश प्रवाह वाहणारी एकटी तार अर्ध्या मीटरवर ४ मायक्रोटेस्ला क्षेत्र निर्माण करते. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक, ज्याच्यामुळे सुई वळते, साधारण ३८ मायक्रोटेस्ला असल्याने प्रतिकूल स्थितीत सुई सुमारे सहा अंश ढळू शकते. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून नेल्या की दोन्ही क्षेत्रे परस्परांना रद्द करतात आणि हा दोष जवळजवळ संपतो. इतका स्वस्त उपाय या संपूर्ण विषयात दुसरा नाही.

येथे अक्षांशाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो, आणि तो सामान्य पुस्तिकांत क्वचितच आढळतो. इंग्लंडच्या आसपास क्षितिजसमांतर घटक सुमारे २० मायक्रोटेस्ला, म्हणजे कोकणच्या निम्माच आहे; त्यामुळे तोच स्पीकर त्याच जागी असताना तेथे सुईला जवळपास दुप्पट ढळवतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस, दक्षिण चुंबकीय ध्रुवाकडे जाताना, हा घटक आणखी क्षीण होत जातो. मुंबईत किंवा गोव्यात तपासून निर्दोष ठरवलेली मांडणी दक्षिण महासागरात सदोष ठरू शकते, हे पृथ्वीप्रदक्षिणेस निघणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय आधुनिक नौकेवर होकायंत्र एकच नसते. स्वयंचलित सुकाणूला दिशा पुरवणारा फ्लक्सगेट हा विद्युत संवेदक नौका डोलताना कमीत कमी हलावा म्हणून तिच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, बिछान्याखालच्या किंवा बैठकीमागच्या कप्प्यात बसवलेला असतो, आणि केबिनचा स्पीकर बसवण्यासही नेमका तोच कप्पा सोयीचा वाटतो. अशी चूक झाली तर सुकाणू कोणतीही सूचना न देता चुकीच्या दिशेने नौका नेत राहते. छिद्र पाडण्यापूर्वी स्पीकर नियोजित जागी नुसता धरून दोन्ही होकायंत्रांवरील आकडे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

छिद्रांचा प्रश्न पाण्याशी निगडित आहे. अनेक नौकांच्या छपराचे आणि बाजूंचे फायबरग्लास दोन पातळ थरांचे असून मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. सहा इंचांचे गोल छिद्र पाडले की हा गाभा उघडा पडतो आणि गाळणीसारख्या जाळीमागून शिरलेले पाणी त्यात मुरत जाऊन लाकूड कुजते. गाभा कडेने थोडा कोरून इपॉक्सीने भरून घेणे, मग त्यातच स्क्रूची छिद्रे पाडणे आणि कडेला ब्यूटाइलची चिकट पट्टी लावणे ही रीत कष्टाची असली तरी टिकाऊ आहे. पॉलियुरेथेनचा पक्का गोंद वापरला तर पुढे स्पीकर काढताना फायबरग्लासच उखडून येण्याची भीती असते. आणखी एक निषिद्ध जागा म्हणजे डोलकाठीचा भार पेलणारी किंवा तिचे ताणदोर जिथे खाली पकडलेले असतात ती मुख्य आडभिंत. तिच्यात छिद्र पाडण्याची कल्पना मोहक असते, कारण तिच्यामागे बहुधा रिकामा कप्पा असतो, पण ती सोडून द्यावी.

‘मरीन’ हे विशेषण कितपत खरे आहे, हे आयईसी ६०५२९ या मापदंडातील आयपी अंकांवरून कळते. त्यातील पहिला अंक धूळ व घन पदार्थांविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारे आणि पाण्याचा झोत सोसणारे, तर दुसऱ्या जागी ७ असल्यास एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे उपकरण. परंतु हे अंक गोड्या पाण्याच्या चाचणीचे असून खारी हवा आणि ऊन यांविषयी काहीच सांगत नाहीत. त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याच्या आणि अतिनील किरणांच्या वेगळ्या चाचण्या असतात. शिवाय भिंतीत बसवायच्या स्पीकरचे संरक्षण पुष्कळदा फक्त दर्शनी बाजूपुरते असते, पाठ उघडीच राहते. कागदी पडद्याचे मोटारीचे स्पीकर कोकणातल्या पावसाळी दमट हवेत लवकर फुगतात. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड असलेले टिकतात. याउलट केबिनच्या आत, नकाशाच्या टेबलाजवळ कोरड्या जागी, मोटारीचा साधा स्टिरिओ बसवून तो चार-पाच वर्षांनी बदलण्याचा व्यवहार अनेक काटकसरी नौकाधारक करतात आणि त्यात गैर काही नाही. मरीन संचातील मंडलपट्टीवर दिलेला संरक्षक लेप हेच त्याच्या अधिक किमतीचे मुख्य कारण असते.

स्वराविषयी थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की स्पीकरच्या पुढची आणि मागची लहर परस्परविरुद्ध असल्याने दोन्ही एकत्र मिसळू दिल्या तर खर्जाचे स्वर नाहीसे होतात, म्हणून मागे बंद कप्पा असणे आवश्यक आहे. आणि दोहोंपैकी एकाच स्पीकरची धन-ऋण टोके उलटी जोडली गेली तरी हाच परिणाम होतो. उघड्या कॉकपिटमध्ये अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो आणि वाऱ्याचा घोष वर असतोच, त्यामुळे तेथे उत्तम स्पीकर आणि सामान्य स्पीकर यांतला फरक फारसा उरत नाही.

बिनतारी संदेशाचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. एफएम प्रसारण भारतात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते, तर सागरी व्हीएचएफ १५६ ते १६२ च्या आसपास चालतो आणि संकट व हाक देण्याचा १६ क्रमांकाचा मार्ग १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे. एकाच अँटेनावर दोन्ही चालवणारे विभाजक मिळतात. तथापि जीवरक्षक संदेशाच्या मार्गात गाण्यासाठी एक जादा जोड घालणे अयोग्य असून एफएमसाठी साधी वेगळी तार पुरेशी होते. डी वर्गाच्या वर्धकातील उघडझापेतून निर्माण होणारा विद्युत गोंगाटही व्हीएचएफमध्ये शिरू शकतो. व्हीएचएफवरील स्क्वेल्च, म्हणजे निरर्थक खरखर दाबणारी कळ, खरखर जेमतेम थांबेल इतपत ठेवून मग स्टिरिओ सुरू करावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर दूरवरचे क्षीण संदेश स्टिरिओ चालू असताना ऐकू येणार नाहीत, असे समजावे.

संदेश यंत्रातून येवोत वा हवेतून, ते ऐकणे हे नौकेवर कायद्याने बांधलेले काम आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक जलयानाने सदैव दृष्टीने आणि श्रवणानेही योग्य पहारा ठेवावा असे बजावतो, आणि त्यातून शिडाच्या नौकेला सूट नाही. पस्तिसाव्या नियमानुसार धुक्यात किंवा तशाच कमी दृश्यमानतेत शिडाची नौका, मासेमारीत गुंतलेली नौका आणि ज्यांची हालचाल मर्यादित आहे अशी इतर जलयाने दोन मिनिटांपेक्षा अधिक नव्हे इतक्या अंतराने एक दीर्घ आणि दोन लघू ध्वनी देतात; कॉकपिटमध्ये ढोलताशे वाजत असतील तर ते ऐकू येण्याची शक्यता मावळते. याशिवाय शिडाची फडफड, तळातील पंप वारंवार सुरू होण्याचा आवाज, एखादा दोर सुटल्याची टकटक हे सारे नौका चालवणाऱ्याला कानांनीच कळते. नांगरून पडलेल्या नौकांमध्ये पाण्यावरून आवाज किती दूर जातो आणि शेजाऱ्याला त्याचा किती उपद्रव होतो, हा शिष्टाचाराचा भाग निराळाच.

या आक्षेपांवरून संगीत नौकेवर अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहाइली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली; त्या प्रदक्षिणेच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये पुन्हा भरवलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, जिच्यात अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली ‘सुहाइली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ घेऊन उतरले होते, उपग्रहाधारित दिशादर्शन वर्ज्य होते, पण कॅसेटवर संगीत ऐकण्यास मुभा होती. महिनोन्‌महिने एकाकी राहणाऱ्याला गाण्याची गरज असते, हे इतके कडक नियम करणाऱ्यांनीही मान्य केले होते. प्रश्न एवढाच, की ती गरज भागवण्यासाठी कायमची यंत्रणा हवी का.

गेल्या काही वर्षांत ब्लूटूथवर चालणाऱ्या, स्वतःची बॅटरी असलेल्या जलरोधक स्पीकरने या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी बदलले आहे. अशा स्पीकरमधील सुमारे २० वॉट-तासांची बॅटरी भरण्यास नौकेचे दोन अँपिअर-तासही पुरतात, छिद्र पडत नाही, तार ओढावी लागत नाही आणि बंदरात तो घरी नेता येतो. मांडव्याच्या सहलीसाठी किंवा रविवारच्या फेरफटक्यासाठी याहून अधिक काही बसवणे हा निव्वळ अपव्यय होय. कायमची जोडणी खऱ्या अर्थाने सार्थ ठरते ती नौकेवरच राहणाऱ्यांसाठी आणि दूरच्या प्रवासासाठी. आणि तेथेही केबिनमध्ये दोन संवेदनक्षम स्पीकर, लहान डी वर्गाचा संच आणि स्वतंत्र बटन एवढ्यावर थांबणे इष्ट आहे. कॉकपिटमधील भिंतीत बसवलेले स्पीकर, सबवूफर आणि नकाशायंत्राच्या पडद्यावरून गाणी बदलण्याची सोय यांची जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी त्यांनी घेतलेली वीज, छिद्रे आणि लक्ष यांच्या तुलनेत त्यांचे देणे तोकडे आहे.

हाताळता येणाऱ्या स्पीकरचा मात्र एक दोष कायमच्या जोडणीत नसतो : त्याचा चुंबक नौकाभर फिरतो, आणि तो ठेवायला सर्वांत सपाट व सोयीची जागा बहुधा होकायंत्राशेजारीच सापडते. त्याच जागी चुंबकीय वेष्टनातला मोबाइलही ठेवला जातो. म्हणून यंत्रणा कोणतीही असो, नौकेवर येणाऱ्या प्रत्येकाला होकायंत्रापासून किमान एक मीटर अंतर राखण्यास सांगावे. आणि कायमची जोडणी केल्यावर नौका सर्व दिशांना फिरवून, स्टिरिओ एकदा बंद व एकदा पूर्ण आवाजात चालू ठेवून, विचलनाचा तक्ता नव्याने तयार करून घ्यावा.